मुंडकी वाचवायची गिरणी

आमच्या गिरणीवाल्या अण्णाचं मुंडकं उडवायला रोज सकाळी न्यायचे आणि रोज सकाळी तो वाचायचा. वाचला की उठून गिरणीचा पट्टा चढवायचा.

असं सांगितलं की माणसं माझ्याकडं बघतात. बायको गेल्यापासून म्हातारा बिघडला म्हणतात. बायको गेली हे खरं. बिघडलो न्हाई. माझं शिक्षण चौथी, तीबी मास्तरनं पुढं ढकललं म्हणून. सगळा जन्म पंक्चर काढण्यात गेला. मला सजवून सांगता येत न्हाई, झालं तसं सांगतो.

ठाणाकुशनूरला आमच्या रस्त्यावर अण्णाची पिठाची गिरणी आणि तिला लागून माझं पंक्चरचं दुकान. मधी नुसता एक पत्रा. अण्णाचा पोरगा बंगळूरला नोकरीला लागला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर गिरणीत ठेवून गेला. अण्णानं त्यात पीठ जाऊ नये म्हणून आपलं जुनं धोतर त्याच्यावर पांघरलं. लांबून बघितलं की कोपऱ्यात कोणी म्हातारा उकिडवा बसलाय असं वाटायचं. नवीन बाया त्याला नमस्कार करायच्या.

त्या कॉम्प्युटरात पोराचा एक खेळ होता. खेळ कसा ते आधी सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. एक किल्ला असतो आणि किल्ल्याच्या मागं डोंगर. अंगणात ढोल वाजायलाय, कैद्यांची रांग उभी, सगळ्यांचे हात बांधलेले, डोक्यावर पोती घातलेली. पुढं खाटकाकडं असतो तसला लाकडाचा ओंडका आणि तलवार घेतलेला एक दांडगा माणूस. रांगेतला शेवटचा कैदी म्हणजे आपण. शिपाई येतो, आपल्या डोक्यावरचं पोतं मागं ओढतो, तर आत तोंडच न्हाई. सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. तोंड आपण करायचं. नाक, डोळे, कान, दाढी, पाहिजे तर शिंगंसुद्धा. तोंड पक्कं झालं की यंत्र ते आपल्यापाशी ठेवून घेतं आणि ढोल पुन्हा चालू होतो. आपल्याला ओंडक्यापाशी नेतात, मान ठेवायला लावतात, तलवार वर जाते. आणि तेवढ्यात मागचा डोंगर उठून उभा ऱ्हातो. डोंगर डोंगर नसतो, झोपलेला राक्षस असतो. त्याचा एक पाय तटावर पडला की सगळी पळापळ. मग आपण बटणं दाबून त्या बांधल्या हातांच्या माणसाला पळवायचं. विहिरीला वळसा घालून, पडणाऱ्या तुळईखालून, हौदावरून उडी, आणि कोपऱ्यातल्या लहान दारातून बाहेर. बाहेर लख्ख उजेड. तिथं अण्णा खेळ बंद करायचा.

पोरगा फोनवर सांगायचा, "अप्पा, ती नुसती सुरुवात हाय. खरा खेळ दाराच्या पुढं हाय."

अण्णा म्हणायचा, "जीव वाचला की रे. त्याच्या पुढं आणि कसला खेळ ऱ्हातंय?"

त्या दारातून तो एकदाबी पुढं गेला न्हाई. आम्ही सगळे त्यालाच खेळ समजत होतो. धरून नेतात, मान ठेवतात, डोंगर उठतो, माणूस वाचतो. संपलं.

अण्णा दिसायला कसा होता हे गावात कुणालाच नीट ठाऊक न्हवतं, कारण तो कायम पिठात. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानातले केससुद्धा पांढरे. एकदा एका लग्नाला अंघोळ करून आला तर रोज दळण आणणाऱ्या बाया त्याला ओळखीनात. एकीनं डोक्यावरचा पदर सारखा करून विचारलं, पाव्हणं कोणत्या गावचे म्हणून. सकाळी पूजा झाली की कपाळावर विभूती ओढायचा, आणि गिरणी चालू झाली की घटकाभरात ती पिठात बुडायची. मी म्हणलं, "अण्णा, कामून लावायलाव? दिसत तर न्हाई."

"ज्याला दिसायची त्याला दिसती," तो म्हणला. "तुला दिसावी म्हणून लावत न्हाई. तू तुझी हवा भर."

तोंडात तीन भाषा. रागावला की कानडी, बायांशी मराठी आणि यंत्राशी दखनी. गिरणीला तो म्हैस म्हणायचा. पट्टा घसरला की "आज म्हशीनं लाथ मारली", ज्वारी ओली असली की "म्हैस खात न्हाई, वाळवून आणा". कुणाचंही पीठ पडायला लागलं की चिमूटभर जिभेवर ठेवायचा आणि त्या घरातलं सांगायचा. "तांदूळ जास्त घातलाव, पोरीला बघायला येयलेत का?" निम्म्याच्या वर चुकायचं. पण कोणी आपल्या घरातलं चुकीचं का होईना सांगतंय म्हणून बाया खूश.

तर ह्या अण्णाचं रोज सकाळी एक मुंडकं वाचायचं, ते त्याचं त्यालाच. खेळात स्वतःचं तोंड करायचा, पांढऱ्या भुवयांचं. दळणाच्या बाया डबे ठेवून मागं उभ्या ऱ्हायच्या आणि बघायच्या. दुसऱ्याचं तोंड करायची सुरुवात एका शेतकऱ्यापासून झाली. त्याचा सख्ख्या भावाबरोबर बांधावरून दावा चालू होता. तो येऊन म्हणला, "अण्णा, उद्या माझी तारीख हाय. तुमच्या जागी मला उभा करा की. तुमी रोज वाचायलाव, मला एकदा वाचून बघू द्या."

अण्णानं त्याचं तोंड केलं. कान जरा मोठेच झाले. पळवला, वाचवला. दुसऱ्या दिवशी तो कोर्टातून परत आला तर तारीख पुढं गेलेली. तारीख पुढं गेली म्हणजे वाचलाच की, असं गावानं ठरवलं. आठवड्यानं त्याचा भाऊ आला, ज्याच्याशी दावा होता तोच. तोंड सारखंच. अण्णानं नुसते कान कमी केले आणि त्यालाबी वाचवलं. दोघं भाऊ वाचले, दावाबी वाचला. अजून चालू हाय.

मग काय, रीघ लागली. कुणाची परीक्षा, कुणाच्या पोरीला बघायला येणार, कुणाचा मुतखडा. कोंबडीच्या दुकानवाला यायचा, तो पडद्याला नाक लावून म्हणायचा, "अण्णा, मेरी मूछ बराबर नै आई. ऐसी मूछ लेको मैं नै मरता." अण्णा मिशी बदलून द्यायचा. नियम दोनच. दळण आणल्याशिवाय मुंडकं वाचायचं न्हाई. आणि एका माणसाला एकच डाव. खेळात मेला तर पुन्हा उभं करता येतं हे त्याला ठाऊक होतं, पण ते तो मानायचा न्हाई. म्हणायचा, "मेल्यावर पुन्हा मान ठेवायला येतंय का कोणी? खोटं कामून खेळायचं?"

एकदा एक सून आली. सासूचं तोंड करा म्हणली. अण्णानं हौसेनं केलं, वरचे दोन दात पुढं काढले, सून हसून लोटपोट. मग हळूच म्हणली, "अण्णा, आता पळवू नका. तुळई पडू द्या."

अण्णानं कॉम्प्युटरवर धोतर टाकलं. "हितं वाचवायचं काम चालतंय, बाई. मारायचं काम गावात पैशाला पासरी मिळतंय." तिचं पीठ मात्र दळून दिलं, तेबी बारीक.

आणि एकदा बैलांचा दलाल आला. बाजाराला जायच्या आधी वाचून जातो म्हणला, पण बटणं मीच दाबणार. अण्णा म्हणला, दाब. दलालानं थेट तुळईखाली नेऊन स्वतःलाच ठेवलं. कडाडकन आवाज आला, पडदा काळा. "अजून एक डाव द्या की," तो म्हणला. "एकच," अण्णा म्हणला. त्या दिवशी दलाल मोटरसायकल हातानं ढकलत घरी गेला. त्याला काय झालं न्हाई. पण पावसाळा लागेपर्यंत तो आढ्याखाली झोपला न्हाई. बाज उचलून लिंबाच्या झाडाखाली न्यायचा, आणि झाडाकडंबी वर बघत पडायचा.

मी ह्याला खुळ्यांचा बाजार म्हणायचो. आमची, म्हणजे माझी बायको, त्या बाजारातली मोठी व्यापारी. ज्वारी घेऊन गेली की दोन तास परत यायची न्हाई. गावातली सगळी नाकं तिला पाठ होती. पत्र्याच्या पलीकडून मला ऐकू यायचं, "असलं न्हाई अण्णा त्याचं नाक, बसकं करा. त्याच्या आईचं बसकं, मामाचं बसकं, ह्याला उंच कुठून येईल?" मग अण्णा म्हणायचा, "अक्का, तू हितं बसून नाकं लावत जा, मी दळतो." आणि मग आमचीचं हसणं. गिरणी चालू असायची, पट्टा फटफटायचा, त्याच्या वर तिचं हसणं. मी टायर काढायलो असायचो आणि गिऱ्हाईक विचारायचं, पलीकडं काय चालू हाय. मी म्हणायचो, दळण.

घरी आली की म्हणायची, "तुमचं बी तोंड करायला सांगू का?"

"माझं हाय तेवढं पुरे."

"पुरे कसलं. तेच तर म्हणते, बदलून घेऊ."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. निर्ण्याहून तिचा भाऊ जीप घेऊन येणार होता. सकाळी पिशवी भरून झाली आणि ही बाई डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन निघाली.

"आता कसलं दळण?" मी म्हणलं.

"दळणाशिवाय अण्णा वाचवत न्हाई," ती म्हणली.

मी मागं मागं गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा पत्र्याच्या पलीकडं उभं ऱ्हाऊन बघितलं. अण्णानं पट्टा उतरवला, हात धुतले आणि बसला. शिपायानं पोतं ओढलं, आतून ते अंडं निघालं. आमचीनं पदर खोचला.

"गाल एवढे भरलेले नकोत. वरीसभरात उतरलेत."

"भरलेले ऱ्हाऊ दे, अक्का. परत भरतील."

"खोटं तोंड नका करू, मग वाचेल ती दुसरीच कोणी. उतरवा." उतरवले. "हनुवटीवर गोंदण पाहिजे. तीन ठिपके."

खेळात गोंदण कुठलं. पण लढाईला जाताना तोंड रंगवायचे रंग होते. अण्णानं हिरवा काढला, आणि एवढ्या जाड बोटांच्या माणसानं बरोब्बर तीन ठिपके लावले. मग कपडे. कैद्याच्या अंगात फाटका झगा. आमची म्हणली, "असं गावापुढं उभी करायलाव मला? लुगडं न्हाई का कुठं?"

"राक्षसाच्या गावात लुगडं कुठून आणू, अक्का?"

"मग ते पोतं तरी पुरं काढू नका. डोक्यावर अर्धं ऱ्हाऊ द्या. पदरासारखं."

तसं ठेवता येत होतं. अण्णानं ठेवलं. आणि खरं सांगतो, तीच. डोक्यावर पदर, हनुवटीवर ठिपके, आणि मी काय बोललो की वाकडं करायची तसं थोडं वाकडं तोंड. सगळ्या बाया "अगं बाई" म्हणल्या. आमची मात्र हसून हसून डब्यावर बसली. "ही बघा, मान कापायला आलेत आणि हिचा रुबाब बघा."

अण्णानं तोंड पक्कं केलं. ढोल वाजायला लागला. आणि लाइट गेली.

गिरणीत लाइट जाणं नवीन न्हाई. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिचा भाऊ ओरडायला लागला, अक्का, उशीर व्हायलाय. अण्णा म्हणला, "आत्ता येतंय बघ, थांब, लाइनमनला फोन लावतो." आमचीनं डबा पुसून बाजूला ठेवला आणि उठली.

"ऱ्हाऊ द्या अण्णा. उभी ऱ्हाऊ द्या तिला तिथं. तुमी हात लावू नका, मी आल्यावर मीच पळते."

आणि जीपमधी बसली. हुमनाबादपर्यंत त्या सासूच्या दातांची गोष्ट सांगून भावाला हसवत होती.

ती परत आली न्हाई. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आली, दोन शब्द बोलली, आणि तिसऱ्या दिवशी गेली. निर्ण्याच्या जीपमधीच घेऊन आलो. तिच्या मातीला अण्णा आला तो पीठ झटकून, अंघोळ करून आला. कपाळावरची विभूती चांगली ठसठशीत दिसत होती. माझ्यापाशी आला न्हाई, लांब उभा ऱ्हायला आणि तसाच गेला.

त्याच्यानंतर गिरणीत मुंडकी वाचायची बंद झाली. यंत्र बिघडलंय, असं अण्णानं सांगून टाकलं. बाया दळण ठेवून गुपचूप बसायच्या. बांधाच्या दाव्यातला भाऊ येऊन भांडून गेला, म्हणला उद्या निकाल लागला तर जबाबदार कोण. पत्र्याच्या पलीकडून नुसती म्हशीची घरघर. मी टायरला ठिगळ लावायचो आणि कान तिकडं असायचा. काय ऐकायसाठी, ते माझं मलाच ठाऊक.

एक दिवस दुपारी अण्णानं पत्र्यावर थाप मारली. "ये जरा."

मी गेलो. त्यानं धोतर उचललं, बटण दाबलं. पडदा उजळला. रांगेच्या टोकाला ती उभी होती. डोक्यावर पदर, हनुवटीवर तीन ठिपके. ढोल वाजायलेला. मागं तो डोंगर झोपलेला.

"बंद करा ते," मी म्हणलं.

"बंद केलं तरी ती हितंच ऱ्हाती. रोज सकाळी बघतोय मी." अण्णाच्या डोळ्यातून पाणी आलं आणि गालावरच्या पिठात त्याची कणीक झाली. "जुनं यंत्र हाय, ह्याच्यात एकाच माणसाची जागा. दुसऱ्याचं तोंड केलं की अक्काचं पुसतंय. म्हणून कुणालाच वाचवलं न्हाई. आता पोरगा येयलाय शनवारी. गिरणी विकली. मला बंगळूरला नेणार. यंत्र भंगारात द्या म्हणतोय."

"मग पळवा की तुमी. तुमच्याइतकं कुणाला येतंय?"

"मला हात लावू नका म्हणून सांगून गेली ना ती." त्यानं नाक पुसलं. "मी लावणार न्हाई. तू लाव. तू तिचा हायस."

"मला टायर सोडून काय येत न्हाई, अण्णा."

"शिकवतो. पण ह्याच्यावर न्हाई. डाव एकच."

तर साठी ओलांडलेल्या माणसाची शाळा सुरू झाली. अण्णानं मोठ्या डब्याचं पत्र्याचं झाकण पालथं घातलं, त्याच्यावर ज्वारीचं पीठ पसरलं आणि पिठात बोटानं चार बाण काढले. पुढं, मागं, डावं, उजवं. खाली एक लांब पट्टी, ती उडीची. ढोल म्हणून स्वतः डबा बडवायला बसला. "तलवार वर गेली. डोंगर उठला. पळ. विहीर आली, उजवं. उजवं म्हणलो. अरे ते डावं, उजवा हात कुठला ते तरी ठाऊक हाय का? तुळई आली. थांब. थांब रे. मेली."

पुन्हा पीठ सारखं करायचं, पुन्हा बाण काढायचे, पुन्हा डबा. पिठात मी तिला इतक्यांदा मारलं की मोजायची सोय न्हाई. बायांना कळायला किती वेळ लागतोय? दुसऱ्या दिवशी निम्मं गाव दळण घेऊन हजर, ज्याच्या घरी पीठ हाय तोबी. बसून मला शिकवायला लागल्या.

"मामा, पुन्हा हौदात घातलाव अक्काला."

"उडी मारायची पट्टी अंगठ्यानं दाबा. पाना फिरवल्यासारखं कामून करायलाव?"

"अक्का असती तर म्हणली असती, ऱ्हाऊ द्या, मी आपली मान ठेवते."

त्याच्यावर सगळ्या हसल्या आणि मीबी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खोकला आला, खोकल्यानं बाण उडाले, आणि अण्णा कानडीत मला काय काय म्हणला ते सांगण्यासारखं न्हाई.

शुक्रवारी तो म्हणला, आता तुझी बोटं तयार झाली, ह्याच्यापेक्षा जास्त होणार न्हाईत. लाइनमनलाबी सांगून ठेवलं होतं. त्याचं दळण तिथंच यायचं. तो म्हणला, "अण्णा, तुमचं होईपर्यंत मी डीपीपाशी उभा ऱ्हातो. कोण लाइट घालवतंय बघतो." गिरणी बंद ठेवली. बाया, कोंबडीवाला, दलाल, दाव्यातले दोघं भाऊ, सगळे. ते दोघं एकाच डब्यावर पाठीला पाठ लावून बसले. मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो. बसलो. बोटं बटणांवर ठेवली. खरी बटणं पिठापेक्षा टणक लागतात.

ढोल चालू झाला. शिपायानं तिला दंडाला धरून पुढं नेलं. ओंडक्यापाशी वाकवलं. पदर पुढं सरकला, तोंड दिसेना. तलवार वर गेली. मला एकदम वाटलं डोंगर उठणार न्हाई. इतक्या वेळा उठला, आज माझ्या पाळीला उठणार न्हाई. गुलबर्ग्याला उठला न्हवता.

उठला.

"पळव," अण्णा म्हणला, आणि मग सगळ्याच म्हणल्या. मी काय दाबलं ते मला आठवत न्हाई. विहिरीला वळसा पडला. तुळईखाली ती थांबली न्हाई, मीच थांबवायला विसरलो, पण ती निसटली आणि तुळई मागं पडली. हौदापाशी मी पट्टी इतकी जोरात हाणली की बटणांची पाटीच उडाली, अण्णानं पोटानं धरली. ती हौद ओलांडून गेली. एका खांबाला धडकली, फिरली, पुन्हा धडकली. "दार, दार, डावीकडं, मामा, दुसरं डावं," आणि ती दारातून बाहेर.

लख्ख उजेड पडला. गिरणीत असा कल्ला झाला की बाहेर बस थांबली. दलालानं दाव्यातल्या दोन्ही भावांना मिठी मारली. कोंबडीवाला म्हणला, "क्या भागी रे अक्का." बाया डोळे पुसत हसायल्या, आणि मग एकेक डबा उचलून निघाल्या. त्यांना वाटलं झालं. अण्णालाबी वाटलं. त्यानं नेहमीसारखा बंद करायला हात पुढं केला. "साकु," म्हणला. बास, पुरे. "वाचली आपली अक्का."

मी त्याचं मनगट धरलं. "पोरगा म्हणत होता, पुढं हाय म्हणून."

"असंल. आपण कधी गेलो न्हाई."

"मग आता इथवर आणून तिला दारात सोडायची का? भंगारवाल्याकडं?"

अण्णानं हात मागं घेतला.

मी पुढचा बाण दाबला. उजेड कमी झाला आणि समोर गवत दिसलं. गुडघ्याएवढं, वाऱ्यानं हलणारं. मधून एक पायवाट. लांब एक ओढा, ओढ्याच्या पलीकडं शेतं, शेतांच्या पलीकडं डोंगर, झोपलेले, साधे. इतक्या वर्षांत आम्हाला हे ठाऊक न्हवतं. अण्णा म्हणला, "हे सगळं ह्याच्यातच होतं?" मी म्हणलं, व्हय, तुमच्या धोतराखाली.

पळताना तिचे हात सुटले होते. ती चालायला लागली. त्या खेळात माणूस आपल्याला पाठमोरा दिसतो, तो पुढं आणि आपण मागं. आमच्याकडं उलटी रीत. नवरा पुढं चालतो, बायको चार पावलं मागं. बाजाराला, लग्नाला, देवाला, सगळीकडं ती माझी पाठ बघत आली. तिची चाल मी कधी बघितलीच न्हवती. आता बघत होतो. पाठीवर पोत्याचा पदर हलत होता आणि ती सरळ चालली होती, कुणाला विचारायला वळून न बघता. एका कोंबडीला अडखळली, तरी चाललीच. चढ लागला. वर एक मोठं झाड होतं, तिथंवर गेली.

मी बोट उचललं. ती थांबली. तिचे खांदे वरखाली व्हायची चित्रातली पद्धत होती, तशी ती श्वास घेत उभी ऱ्हायली.

"कामून थांबलास?" अण्णा म्हणला. "नीट येयलं की आता. चालव."

"थांबा जरा. तिला दम घेऊ द्या," मी म्हणलं. "मागून चालणारीला कुठं दम लागत होता, पुढच्याला काय कळतंय."

अण्णानं पडद्यात वाकून बघितलं.

"ऊनबी लई हाय तिथं," तो म्हणला, आणि एक रिकामा डबा ओढून माझ्या शेजारी बसला.